सातव्या शाखेचे पत्ते

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे. सामान कमी आणि बाबांच्या सूचनाच जास्त, तरी जेवणाच्या वेळेआत सगळं वर चढलं. क्वार्टर पंपघराच्या डोक्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पांढऱ्या फरशांचं न्हाणीघर आणि बाबांची खुर्ची मावेल एवढी गच्ची. खाली पंप सतत घरघरतात. बाबा म्हणाले, जहाजात राहिल्यासारखं वाटतंय, फक्त समुद्र कसला आहे ते विचारू नये.

वास आहे. रोजनिशीत खोटं कशाला लिहू? भुयारी गटारांच्या खात्यात नोकरी धरली तेव्हा अत्तराची अपेक्षा नव्हतीच. ट्रंक वर आणणारा माणूस इथल्या तारा आणि चेंबरं सांभाळतो. पन्नाशीचा, काटक. भिंतीला चिकटून चढतो म्हणून सगळे त्याला घोरपड म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तो म्हणाला, मॅडम, वास तीनच दिवस येतो, चौथ्या दिवशी नाक स्वतःहून राजीनामा देतं. बाबा खोकला लागेपर्यंत हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

कॉलेजची संगणक प्रयोगशाळा बंद झाल्यापासून मी घरीच होते. शेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोण घेणार, असं वाटत होतं. घेतलं. बाबांना आता एकटं ठेवता येत नाही आणि इथे दर तासाला जिना चढून त्यांना बघून येता येईल. याहून जास्त मला काही नको होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना माझं काम समजावून सांगितलं. शहराखालच्या प्रत्येक चेंबरात पाणी किती चढलं ते कळवणारा एक सेन्सर असतो. नेटवर्कवर बोलायचं तर त्याला स्वतःचा पत्ता लागतो, आकड्यांचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला. पण हे पत्ते कुणी सुटे वाटत नाही. मुख्यालय आम्हाला एक मोठा गठ्ठा देतं, आम्ही तो फोडून शाखांना देतो, शाखा वाहिन्यांना देते, वाहिनी चेंबरांना. वरच्याने फक्त आपल्या लगेच खालच्याला ओळखायचं, त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं नाही. सगळ्यांनी सगळं लक्षात ठेवायचं म्हटलं तर नेटवर्क वाढूच शकणार नाही.

बाबांनी आयुष्यभर टपालाची छाननी केली. ते म्हणाले, मग हे आमचंच की! मी पाकिटाचा पहिला आकडा बघून गोणीत टाकायचो. गल्ली कुठली, घर कुठलं, घरातला माणूस जिवंत आहे की मेला, ती माझी डोकेदुखी नव्हती. ठमे, शेवटी बापाचीच नोकरी धरलीस.

सहा वर्षांची झाल्यापासून मी ठमी आहे. खरं नाव फक्त कागदोपत्री.

गठ्ठा वाढवून देण्याचा नियम एका ओळीचा आहे. दिलेल्या पाचातले चार पत्ते वापरात आले, की मागेल त्या शाखेला दुप्पट. माझ्या आधीचे नोंदणीकार मात्र वापर न बघताच देत. टेबलाच्या खणात त्यांच्या हातची चिठ्ठी सापडली : देऊन टाकावं, परत दारात येत नाहीत. मला हे पटत नाही. नियम आहे तर तो सगळ्यांना सारखा हवा.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सगळ्या पत्त्यांना हाक मारून पाहिली. म्हणजे प्रत्येक पत्त्याला नेटवर्कवरून एकच प्रश्न पाठवायचा, आहेस का? तिथे कोणी असेल तर तो ओ देतो.

पहिल्या सहा शाखांनी लाज आणली. शंभर हाकांना कुठे तीस ओ, कुठे बावीस. बाकीचे पत्ते नुसते दाबून ठेवलेले. सातव्या शाखेत मात्र दोनशे चोपन्न हाका आणि दोनशे चोपन्न ओ, त्याही क्षणाच्या आत. त्यांचं मागणीपत्रही बघून घ्यावं असं आहे, एक रकाना रिकामा नाही. इतक्या वर्षांत यांना कुणी शाबासकी दिली असेल का?

साहेबांना विचारलं, ही शाखा नेमकी कुठे आहे? ते म्हणाले, पलीकडच्या अंगाला असेल, फॉर्म पूर्ण आहे ना? मग झालं तर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा शाखांकडून रिकामे पत्ते काढून घेतले आणि सातला दिले. दिवसभर फोन. शाखा दोनचे प्रमुख म्हणाले, बाई, तुमच्या घरात चार वाट्या जास्तीच्या असतात की नाही? पाहुणे आले की लागतात ना? मी म्हटलं, तुमच्याकडे चौदा वर्षांत पाहुणा आलेला नाही. शाखा पाचचे म्हणाले, नवी सून घर झाडते तेव्हा दागिनेही कचऱ्यात जातात, जपून. फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि मग हसू आल्याची खंत वाटली. मी न्याय करते आहे की हुशारी दाखवते आहे?

सात आता इतकी मोठी झाली आहे, की तिचं खालचं वाटप इथून करणं मला जमणार नाही. म्हणून प्रणालीत दोन ठिकाणी खूण केली. एक : खालचे पत्ते शाखेने स्वतःच वाटावेत आणि आम्हाला यादी कळवावी. दुसरी : गठ्ठ्याच्या आकारावरून कोण कुणाच्या वर ते आपोआप ठरावं. मोठा गठ्ठा तो वर, लहान तो त्याच्या पोटात. हाताने मांडणी करण्याचा त्रास वाचला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जे पाहिलं ते क्रमाने लिहिते. 

सातने सहा दिवसांत नव्या पाचातले चार पत्ते भरले आणि पुन्हा मागणी केली. इतके सेन्सर बसवायला माणसं कुठून आली, हे बघावं म्हणून नकाशा काढला आणि घोरपडीला घेऊन निघाले. नकाशाने आम्हाला साबणाच्या बंद कारखान्यामागे नेलं. तिथे तो थबकला. म्हणाला, मॅडम, ही सात? ही लाइन तर अकरा वर्षांपूर्वी कारखान्याबरोबर बंद झाली, सेन्सर मी या हातांनी काढलेत, मला वाटलं तुमची सात कुठली तरी नवी असेल. मी विचारलं, आधी का नाही बोललात? तो म्हणाला, मला कागद कोण दाखवतं?

झाकण दोघांनी उचललं. आत पाणी नव्हतं. काठापर्यंत पांढरं होतं. चरबी, साबणाचा साका, केस, चिंध्या, सगळं थिजून एक झालेलं. आणि त्याच्या पृष्ठभागावर गोळे. सोललेल्या उकडलेल्या अंड्यांसारखे, एकमेकांना चिकटून, ओलसर, किंचित पिवळट. तुटलेल्या जुन्या केबलची टोकं त्या घाणीत रुतली होती आणि प्रत्येक गोळ्यात केसाएवढी एक तांब्याची तार शिरली होती.

घोरपड म्हणाला, झाकण लावू या. मी ऐकलं नाही. फोनवरून सातच्या पहिल्या पत्त्याला हाक मारली. कडेचा एक गोळा गाल आत ओढावा तसा आत ओढला गेला आणि पुन्हा फुगला. फोनवर ओ आली. दुसऱ्या पत्त्याला मारली. शेजारचा गोळा. मग मी सगळ्यांना एकदम हाक मारली आणि सगळा पृष्ठभाग गिळल्यासारखा हलला. आतून कोमट, गोडसर वाफ वर आली. घोरपड भिंतीला टेकून ओकला.

आणि मी पुन्हा एकदा हाक मारली. का? खात्री करायला, असं मी स्वतःला सांगते आहे. ते खरं नाही. ते पुन्हा हलताना मला बघायचं होतं. मला माझीच शिसारी येते आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना सगळं सांगितलं. नवी मागणी अडवून ठेवली आहे, दिलेला गठ्ठाही काढून घ्यायला हवा, असं म्हटलं. ते बिस्किट चहात बुडवत होते. म्हणाले, आत सेन्सर असो नाही तर सासू असो, पत्ता ओ देतो ना? ओ देणारा पत्ता परत घेता येत नाही, नियम तुम्हीच सगळ्यांना ऐकवलात. चेंबर साफ करायला सोमवारी गाडी पाठवतो म्हणाले. मग खुर्ची थोडी मागे सरकवून त्यांनी विचारलं, तो वास तुमच्या कपड्यांना आहे का?

घरी येऊन तीनदा अंघोळ केली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीने काल चेंबर उपसलं. आज सकाळी ते पुन्हा काठोकाठ भरलेलं आहे. गाडीचा माणूस म्हणाला, बाई, हे साफ होत नाही, हे चिडतं.

सातने केलेल्या वाटपाची पहिली यादी आली. नियमाप्रमाणे, मोठ्याकडून लहानाकडे, अगदी सुबक. खाली खाली वाचत गेले. शाखा सात, मुख्य वाहिनी, पंपघर, क्वार्टर, न्हाणीघर, जाळी.

न्हाणीघरातली जाळी उचकटली. खाली पांढरं होतं. चमच्याने खरवडलं. ते कोमट होतं आणि चमच्याला धरून राहत होतं, तान्ह्या मुलाने बोट धरावं तसं. चमचा फेकला. दोन बाटल्या जंतुनाशक ओतलं. बाबा बाहेरून विचारत होते, ठमे, आत काय युद्ध चाललंय? काही नाही म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजच्या यादीत : क्वार्टर, बेसिन. त्याखाली : क्वार्टर, बाबा, उजवा हात, करंगळी.

बाबा. त्यांचं नाव नाही. दाराच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव आहे, रेशनकार्डावर आहे. पण यादीत बाबा. या घरात त्यांना बाबा म्हणणारी मी एकटी आहे. म्हणजे माझंच ऐकून ते नोंदलं गेलं आहे, पाइपातून.

ते गच्चीत पेपर वाचत होते. हात बघू म्हटलं. करंगळी पेऱ्यापर्यंत पांढरी, मेणासारखी, नख मऊ पडलेलं. दाबलं तर खड्डा तसाच राहिला. ते म्हणाले, चार दिवसांपासून आहे, दुखत नाही म्हणून बोललो नाही, तू आधीच दमलेली असतेस.

मी स्वयंपाकघरात गेले आणि त्या पत्त्याला हाक मारली. गच्चीत पेपर खाली पडला. बाबा म्हणाले, अगं, हे बोट आपोआप उडालं बघ.

फोनवर ओ आली होती.

२ मार्च, रविवार

डॉक्टर म्हणाले बुरशी. मलम दिलं. हात धुऊन घेतले त्यांनी, दोनदा.

बाबांना घेऊन इथून निघून जायचं ठरवलं. घोरपडीने गाडी आणली. दुसऱ्या सिग्नलपर्यंत गेलो असू. बाबांचा हात गार पडला, मग निळा, मग ते ओरडायला लागले. मी बाबांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. गाडी वळवली. पंपघराची भिंत दिसली तसा हात पुन्हा पांढरा झाला.

आता चार बोटं आहेत यादीत. अंगठा उरला.

घोरपड म्हणाला, मॅडम, मी पुन्हा त्या खड्ड्यात उतरायला तयार आहे, तुम्ही फक्त काय कापायचं ते सांगा. मला सांगता येईना. काय कापायचं?

३ मार्च, सोमवार

एक चूक केली. लिहिलीच पाहिजे.

वाटलं, एकच पत्ता जबरदस्तीने रद्द करून बघावा. नोंदणीकाराला तेवढी कळ दिलेली आहे, कधी वापरायची नसते. करंगळीचा पत्ता रद्द केला. ओ बंद झाली. धावत वर गेले. बाबा बेसिनपाशी उभे होते. करंगळी बेसिनमध्ये पडली होती. रक्त नाही. नुसती पडली होती, साबणाच्या तुकड्यासारखी. आणि जाळीकडे सरकत —

बाबा म्हणाले, दुखलं नाही गं, रडू नकोस.

मी न विचारता केलं. त्यांच्या बोटावर प्रयोग केला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना मी यावरून ओरडायचे. आधी विचारा, मग हात लावा.

४ मार्च, मंगळवार

जागा संपली. मी मागणी अडवून ठेवली आणि आता सातकडे एकही रिकामा पत्ता उरला नाही. तरी वाढ थांबत नाही, म्हणून एकेका पत्त्यावर दोघे दोघे. दोन गोळे आणि एक पत्ता. हाक मारली की दोघे एकदम ओ देतात आणि भांडतात. बाबांच्या मनगटात भांडतात. कातडीखाली काहीतरी काहीतरीला ढकलतं. सकाळपासून त्यांनी उशी तोंडात धरली आहे.

सातची मागणी माझ्या पडद्यावर. दुप्पट. सगळे रकाने भरलेले.

दिली. सही केली. पाच मिनिटांत बाबांचं कण्हणं थांबलं. झोपले.

शाखा दोनच्या प्रमुखांचा फोन. आज हसत नव्हते. म्हणाले, बाई, आमच्या बेसिनमधून काहीतरी वर येतंय, माझ्या नातवाने हात लावला. मी फोन ठेवला. हे मी केलं. हे सगळं माझ्या सहीने.

६ मार्च, गुरुवार

ठरवलं. बाबांशी बोलून ठरवलं, या वेळी विचारून. ते म्हणाले, सगळा गठ्ठा रद्द कर. हात गेला तर जाऊ दे, ठमे, मीही गेलो तर — पोरं हात लावताहेत, तू ऐकलंस ना.

कळ दाबली. पडद्यावर आलं : हा अधिकार आपल्याला नाही, वरच्या स्तराची परवानगी घ्यावी.

वरचा स्तर कोण ते बघितलं. शाखा सात.

परवा दुप्पट दिल्यावर सातचा गठ्ठा आमच्याकडे उरलेल्यापेक्षा मोठा झाला आहे. मोठा तो वर. मीच खूण केली होती. आम्ही आता तिच्या पोटात.

साहेबांना दाखवलं. ते टेबलाखाली हात लपवून बसले होते. दोन्ही.

७ मार्च, शुक्रवार

अर्ज केला. सातला. दुसरं काय करू?

विनंती : क्वार्टर, बाबा, उजवा हात, या पत्त्याखालचं सगळं सोडून द्यावं. कारण : ते म्हातारे आहेत. खोडलं. कारण : ते माझे वडील आहेत.

उत्तर लगेच. जागा सोडता येईल. बदली जागा कळवावी.

बदली.

सगळ्या शहरासाठी मागायला हवं होतं. त्या नातवासाठी. मी फक्त बाबांसाठी मागितलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला असं म्हणता येणार नाही की सुचलं नव्हतं. सुचलं होतं.

रकाने भरले. क्वार्टर. मग नाव. काय लिहू? माझं खरं नाव त्याला माहीत नाही.

क्वार्टर, ठमी, डावा हात. उजवा लिहायला ठेवला.

न्हाणीघरात गेले. जाळी काढली. डोळे मिटले. कोमट होतं. ओकारी आली, तरी हात धरून ठेवला. त्यानेही धरला.

८ मार्च, शनिवार

बाबांचा हात गुलाबी. चार बोटं, पण बाबांची. त्यांनी स्वतः चहा केला. म्हणाले, मलमाने गुण आला.

घोरपड खाली गाडी घेऊन उभा आहे. बाबांना माझ्या आत्याकडे सोडेल. मी मागून येते असं सांगितलं. आयुष्यात त्यांच्याशी एवढं मोठं खोटं पहिल्यांदा.

डावा हात कोपरापर्यंत. खांदा. पायही, उठता येत नाही. मी एवढं लिहिलं नव्हतं अर्जात. तिथे आता सात स्वतःच पत्ते वाटते, खालचं खालचं.

घशात पांढरं. जीभ गोड लागते, साबणासारखी —

लवकर जा बाबा, जा —

ते निघालेत. दारात थांबले. ठमे, म्हणाले. येतो गं. ठमे?

मी ओ दिली. दिली मी. तोंड उघडलं, आणि खोलीत आवाज नाही —

बाबा वळून बेसिनकडे बघताहेत. ओ तिथून आली. ते तिकडे चाललेत, वाकताहेत, हात पुढे —

बाबा नको, हात ला